टेपवर्मच्या अळ्या: कुत्रा-मांजर-ससा पाळणाऱ्या आणि झूमध्ये नव्याने लागलेल्या मंडळींसाठी

कुत्र्याला तीन महिन्यांनी जंताची गोळी दिली की टेपवर्मचा, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचा, विषय मिटला असं बहुतेक नवीन लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. गोळीने आतड्याला चिकटलेला मोठा, म्हणजे पूर्ण वाढलेला, जंत मरतो, पण या जंताचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच कुठल्यातरी जनावराच्या लिव्हरमध्ये, फुफ्फुसात, मेंदूत नाहीतर कातडीखाली पाण्याची गाठ होऊन जातं, आणि तिथे ती नेहमीची एक गोळी काही कामाची नाही. गंमत म्हणजे ज्याच्या पोटात मोठा जंत आहे तो बऱ्याचदा मजेत असतो, खातो-पितो, शेपूट हलवतो. हाल होतात ते गाठ झालेल्याचे. म्हणून खाली गोळ्यांपेक्षा कोण काय खातंय यावरच जास्त बोललोय.

आधी कागद-पेन घ्या

खरंच घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एका बाजूला मांस खाणारे लिहा, म्हणजे कुत्रा, मांजर, झूमध्ये असाल तर लांडगा, कोल्हा, वाघ, बिबट्या. दुसऱ्या बाजूला जे खाल्ले जातात ते, शेळी, मेंढी, म्हैस, डुक्कर, ससा, उंदीर, हरीण. आता तुमच्याकडे यातलं कोण कोणाचं कच्चं मांस खाऊ शकतं आणि कोणाची शी कोणाच्या चाऱ्यात जाऊ शकते, तिथे रेघा मारा. जिथे दोन्ही रेघा जुळतात तिथे जंताचं चक्र चालू राहतं. अंडी मांसाहारी जनावराच्या शीतून बाहेर पडतात, चरणारं जनावर ती गवताबरोबर गिळतं, त्याच्या अंगात अळीची गाठ होते, आणि ती गाठ कच्ची खाल्ली की मांसाहारी जनावराच्या आतड्यात परत मोठा जंत तयार.

आपल्याकडे नेहमी भेटणाऱ्या जोड्या सांगतो. कुत्रा आणि शेळी-मेंढी-म्हैस यांच्यात फिरणारा इकायनोकॉकस, ज्याच्या गाठीला डॉक्टर हायडॅटिड सिस्ट म्हणतात, हा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच कुत्रा-मेंढीच्या जोडीत टीनिया मल्टिसेप्स नावाचा दुसरा टेपवर्म, याची अळी मेंदूत बसते आणि मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागते, मग कळपातून मागे पडते. कुत्रा आणि ससा यांच्यात टीनियाच्या दोन जाती, त्यांच्यावर पुढे येतो. मांजर आणि उंदीर ही एक जोडी. आणि पिसू आणि कुत्रा, इथे तर अळी चक्क पिसवेच्या पोटात असते.

माणूस आणि माकड यात कुठे बसतात? चुकीच्या बाजूला. आपण इकायनोकॉकसचं अंडं गिळलं तर आपल्यात मोठा जंत होत नाही, मेंढीसारखी गाठ होते. आणि एक गैरसमज इथेच काढून टाका: मटणातली हायडॅटिडची गाठ चुकून खाल्ली म्हणून माणसाला हायडॅटिड होत नाही. तो होतो कुत्र्याच्या शीतल्या अंड्यांमुळे, म्हणजे हात, भाजी, पाणी, कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी, असं.

मटणाच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा

पुस्तकापेक्षा इथे जास्त कळेल. बोकड उलटा टांगलेला असतो, मामा पोट उघडतात, आणि आतल्या चरबीच्या जाळीला कधी कधी एक पातळ पारदर्शक पाण्याची पिशवी लोंबताना दिसते, बोट लावलं की हलते, आत एकच पांढरा ठिपका. ती टीनिया हायडॅटिजिनाची अळी, म्हणजे कुत्र्याच्याच आणखी एका जंताची. हायडॅटिड वेगळी दिसते. ती कलेजीत किंवा फुफ्फुसात रुतलेली, जाड पांढरट भिंतीची, आतून दाबाने टम्म, सुरी लागली की पाणी उडतं, आणि त्या पाण्याच्या तळाशी बारीक वाळूसारखा गाळ बसतो. त्या गाळातला एकेक कण म्हणजे पुढचा एकेक जंत होऊ शकतो. एवढ्याने एका कुत्र्याच्या आतड्यात हजारो जंत होतात, प्रत्येक जेमतेम काही मिलिमीटरचा.

आता पुढे काय होतं ते बघा. मामा "खराब आहे" म्हणून तेवढा तुकडा कापतात आणि फळीखाली टाकतात. फळीखाली कोण बसलंय हे सांगायला नको. सगळं चक्र त्या एका फेकीत पूर्ण होतं. मामांची चूक काढायची नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, नीट सांगितलं तर झाकणाची बादली ठेवणारे आणि ती कचऱ्याच्या गाडीतच रिकामी करणारे लोकही आहेत.

तर तुमचं काम असं. कुत्र्यासाठी छाट, फुफ्फुस, कलेजी, वजडी आणत असाल तर कच्चं कधीच घालू नका, बारीक तुकडे करा आणि चांगलं अर्धा-पाऊण तास उकळा किंवा कुकरला लावा. फ्रीझ करूनही अळ्या मरतात, पण त्यासाठी डीप फ्रीझरला उणे २० च्या आसपास आठ-दहा दिवस सलग लागतात, आणि आपल्याकडे लाइट जाते, फ्रीझर दिवसातून वीस वेळा उघडतो, मांसाचा गोळा आतून गारच होत नाही, त्यामुळे घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कुकर बरा.

हल्ली इंटरनेटवर बघून कुत्र्याला रॉ डाएट देण्याचं फॅड आलंय. माझं मत स्पष्ट आहे: उघड्या बाजारातलं, तपासणी न झालेलं मांस कच्चं घालायचं नाही, त्यातून ऑफल, म्हणजे कलेजी-फुफ्फुसं-वजडी, तर नाहीच नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी निदान दर सहा आठवड्यांनी गोळी द्यायचं पुढे दिलेलं वेळापत्रक चुकवू नये.

जत्रेला किंवा नवसाला घरी बोकड कापला तर आतड्या, फुफ्फुसं, गाठी दिसलेला भाग शेताच्या बांधावर फेकून द्यायचा नाही. कंबरभर खड्डा, वर चुना, माती, आणि वर मोठे दगड, कारण कुत्री उकरतात. जाळता आलं तर अजून चांगलं.

एवढ्याशा गोष्टीने काय होतंय असं वाटत असेल तर आइसलँडचं उदाहरण बघा. १८६३ मध्ये हाराल्ड क्रॅबे नावाचा डॅनिश संशोधक तिकडे गेला, त्याने १०० कुत्री तपासली आणि २८ मध्ये हा जंत सापडला. तेव्हा माणसांमध्ये हायडॅटिड तिथे भयंकर होता. आजची औषधं तेव्हा नव्हतीच. त्यांनी लोकांना वाचायला साध्या भाषेत पुस्तिका वाटली, गाठी कुत्र्यांना घालू नका, पुरा-जाळा असं सांगितलं, पुढे कायदे केले, कुत्र्यांवर नियंत्रण आणलं, आणि हळूहळू तो आजार तिथून गेला. पुढे न्यूझीलंड आणि टास्मानियाने पण जवळपास याच वाटेने काम केलं.

गोळी: कुठली, किती, कधी

टेपवर्मसाठी काम करणारं औषध म्हणजे प्राझिक्वांटेल. कुत्र्याला साधारण ५ मिलिग्रॅम प्रति किलो वजन, म्हणजे अंदाजे वजन धरून गोळी अर्धी-पाव करायची नाही, कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. मेडिकलमधून नुसती "जंताची गोळी द्या" म्हणून आणू नका, पाकिटावर प्राझिक्वांटेल लिहिलंय का बघा. पिल्लांना देतात ते नुसतं पायरँटेलचं सिरप गोल जंतांसाठी असतं, टेपवर्मवर त्याचा शून्य उपयोग. लोक वर्षभर ते पाजतात आणि आमच्या कुत्र्याचं डीवर्मिंग अप टू डेट आहे म्हणून सांगतात. एकदम लहान पिल्लू, गाभण कुत्री, आजारी जनावर असेल तर आधी व्हेटला विचारा.

किती दिवसांनी? हायडॅटिडचा जंत पोटात गेल्यापासून अंडी टाकायला लागेपर्यंत साधारण सहा आठवडे लागतात. म्हणून ज्या कुत्र्याला कच्चं मांस मिळू शकतं, म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा, फार्महाऊसचा मोकळा कुत्रा, मटण मार्केटजवळचा कुत्रा, त्याला दर सहा आठवड्यांनी. फ्लॅटमधला, पट्ट्यावर फिरणारा, शिजवलेलं खाणारा असेल तर दर तीन महिन्यांनी बहुतेक व्हेट सांगतात ते ठीक आहे.

आणि हे कोणी सांगत नाही: गोळीने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्र्याला बांधून ठेवा, शी लगेच उचला, आणि पुरा किंवा जाळा. नाहीतर तुम्हीच सगळी अंडी एका दमात सोसायटीच्या बागेत सोडली असं होईल.

शी तपासून घेतली, रिपोर्ट क्लियर आला, म्हणून निर्धास्त होऊ नका. अंडी रोज पडतीलच असं नाही, आणि मायक्रोस्कोपखाली इकायनोकॉकसचं अंडं आणि साध्या टीनियाचं अंडं सारखंच दिसतं, लॅबवाल्याला फरक करताच येत नाही, त्यासाठी वेगळ्या टेस्ट लागतात.

जाता जाता, जुन्या काळी कुत्र्यांना अरेकोलिन देऊन जंत बाहेर काढायचे, आणि अरेकोलिन म्हणजे आपल्या सुपारीतलाच पदार्थ. कोकणातल्या कोणी हे वाचून कुत्र्याला सुपारी घालू नका, त्याने जोरदार जुलाब होतात, विषबाधा होऊ शकते, आणि जंत मरत नाही, नुसता सुटतो.

पिसवा

कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा त्याच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे हलताना दिसले तर तो बहुधा डिपिलिडियम, म्हणजे पिसवांमार्फत होणारा टेपवर्म. गोळी द्या, पण पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात परत येणार, कारण कुत्रा चावून चावून पिसू गिळतो आणि अळी तिच्यातच असते. अंथरूण गरम पाण्यात धुवा, घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी पिसवांचं औषध करा. लहान मुलाच्या पोटातही पिसू गेली तर हा जंत होऊ शकतो.

ससा पाळला असेल तर

सशाला जंताचं औषध देत बसण्यापेक्षा त्याचं गवत कुठून येतं ते बघा. रस्त्याकडेचं, मैदानातलं, जिथे भटकी कुत्री फिरतात तिथलं गवत, हीच वाट. टीनिया पिसिफॉर्मिस झाला तर पोटात आतड्यांच्या पडद्यावर वाटाण्याएवढ्या पाण्याच्या गाठी होतात, ससा बहुतेक वेळा काही दाखवत नाही, जास्त झाल्या तर वजन उतरतं, सुस्त होतो. दुसरा टीनिया सिरियालिस, याची गाठ कातडीखाली किंवा स्नायूत होते, गालावर, पायावर, डोळ्यामागे, हाताला मऊ लागते, हळूहळू वाढते, डोळ्यामागे असेल तर डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो. लोकांना वाटतं गळू आहे आणि दाबून फोडायला जातात. फोडू नका. व्हेट ती अख्खी काढतात, आणि आत पाण्यात पांढरे ठिपके झुपकेच्या झुपके दिसतात, मग गळू नव्हतं हे कळतं.

घरात कुत्रा आणि ससा दोन्ही असतील तर कुत्र्याचं डीवर्मिंग म्हणजेच सशाचा बचाव. आणि मेलेला ससा कुत्र्यापुढे टाकायचा नाही, हे सांगायला लागतं म्हणून सांगतोय.

मांजराचं थोडक्यात: उंदीर मारणारी मांजर असेल तर तिला टेपवर्म आहेच असं धरून चाला, कारण उंदराच्या लिव्हरमध्ये तिच्या जंताची अळी पांढऱ्या गाठीत गुंडाळून बसलेली असते. घरातून बाहेर न पडणाऱ्या मांजरीला एवढी काळजी नाही.

कुत्र्यातच अळी झाली तर?

होतं, पण कमी. अमेरिकेच्या पश्चिम भागात मेसोसेस्टॉइडिस नावाच्या टेपवर्मची अळी कुत्र्याच्या पोटाच्या पोकळीत वाढते, पोट फुगतं, सुईने पाणी काढलं तर त्यात पांढरे कण. युरोपात आणि कॅनडात इकायनोकॉकसची दुसरी जात, मल्टिलॉक्युलॅरिस, कुत्र्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सरसारखी पसरते. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी कुत्रा शेतात उंदीर खातो का, कोल्ह्याची शी चाटतो का यावर लक्ष ठेवा आणि तिथल्या व्हेटने महिन्याला गोळी सांगितली तर जास्त वाटते म्हणून टाळू नका. आपल्याकडे डुकरं मोकळी आणि उघड्यावर शौच असेल तिथे कुत्र्याने माणसाची शी खाल्ली तर टीनिया सोलियमची, म्हणजे माणूस आणि डुक्कर यांच्यात फिरणाऱ्या टेपवर्मची, अळी त्याच्या मेंदूत जाऊ शकते, फिट्स येतात. पण फिट्स आल्या, चाल बिघडली की आधी रेबीज आणि डिस्टेंपरचाच (कुत्र्यांचा व्हायरसचा आजार) विचार करायचा, तोंडात हात घालायचा नाही, थेट व्हेट.

झूमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, माकडवर्गातले प्राणी अळ्यांच्या बाबतीत आपल्यासारखेच चुकीच्या बाजूला आहेत, आणि ते शेवटपर्यंत आजार लपवतात. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या झूमध्ये महाल नावाचा पाच वर्षांचा बोर्निओचा ओरांगउटान डिसेंबर २०१२ मध्ये अचानक मेला. शवविच्छेदनात शरीरभर अळ्या सापडल्या, नुसतं बघून ओळखू येईनात, शेवटी डीएनएवरून कळलं की व्हर्स्टेरिया वंशाचा, तोपर्यंत नोंद नसलेला टेपवर्म आहे. या वंशाचे जंत मिंक, वीझल असल्या छोट्या शिकारी प्राण्यांचे. म्हणजे पिंजऱ्यात शिकारी प्राणी नाही, कच्चं मांस नाही, आणि तरी.

युरोपातल्या झूंमध्ये लेमूर, म्हणजे मादागास्करचे माकडवर्गातले छोटे प्राणी, हे असेच वारंवार बळी. तिथे कोल्ह्याचा टीनिया क्रॅसिसेप्स त्यांना होतो, आणि याची अळी अंगातल्या अंगात कोंब फुटून वाढते, थोडीशी अंडी गेली तरी पुढे गाठींचा ढीग होतो. इथिओपियातल्या गेलाडा माकडांना सिरियालिसच्या मोठाल्या गाठी होतात. ऑस्ट्रेलियातल्या वॉलबीचं, म्हणजे छोट्या कांगारूसारख्या प्राण्याचं, शरीर लहान, त्यामुळे हायडॅटिडची गाठ फुफ्फुसात वाढली की श्वासच घेता येत नाही.

म्हणून कीपर म्हणून तुमची रोजची कामं. कुंपणाखाली कुत्रा-मांजर शिरेल एवढी फट आहे का हे सकाळच्या राउंडला बघायचं, दिसली की तोंडी नाही, रजिस्टरमध्ये लिहायचं. हिरवा चारा आणि पाला कुठून येतो ते विचारायचं, ट्रक येतो तो कुठल्या शेतातून, तिथे कुत्री किती, पाला जमिनीवर टाकून ठेवतात का. चारा रॅकमध्ये किंवा टांगून द्यायचा, जमिनीवर नाही. माकडांची फळं-भाज्या वाहत्या पाण्यात धुवायच्या. मांसाहारी विभागाचे झाडू, बूट, बादल्या वेगळ्या, आणि शक्यतो हरणं-माकडं आधी उरकून मग वाघ-लांडग्यांकडे जायचं, उलटं नाही. चारा गोदामातले उंदीर हा कंटाळवाणा विषय आहे, पण निम्मं काम तिथेच आहे.

लांडगा, कोल्हा, मोठ्या मांजरांना म्हशीचं मांस जातं, त्यात लिव्हर-फुफ्फुस येत असेल तर गाठ नाही ना हे बघूनच पुढे पाठवायचं. झूचा डीप फ्रीझर घरच्या फ्रीजसारखा नाही, तिथे तापमान लिहून ठेवून दहा दिवस मांस ठेवणं शक्य असतं, तर करा.

नवीन प्राणी आला की महिनाभर क्वारंटाइन, शीच्या तपासण्या, हे सगळं होतं, पण शीच्या तपासणीत अळीची गाठ कधीच दिसणार नाही. माकड किंवा लेमूर दुसऱ्या कुठल्या कारणाने बेशुद्ध करायची वेळ आली की त्याच वेळी पोटाची सोनोग्राफी करून घ्या म्हणून डॉक्टर साहेबांना आठवण करा.

फिनेल ओतून अंडी मरतात हा समज सगळीकडे आहे. नाही मरत. सॅनिटायझरनेही नाही. मरतात उकळत्या पाण्याने, आगीने आणि कडक सुकण्याने. मे महिन्याच्या उन्हात कोरड्या फरशीवर ती फार टिकत नाहीत, पण पावसाळ्यात सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन् महिने राहतात. सिमेंटची जमीन असेल तर उकळतं पाणी, मातीची असेल तर ऊन पोचेल असं बघा आणि शी रोजच्या रोज उचला.

स्वतःचं

कुत्रा हाताळल्यावर साबणाने हात, जेवायच्या आधी तर नक्की. कच्च्या पालेभाज्या, कोथिंबीर नीट धुवा. तोंड चाटू देऊ नका. माणसात हायडॅटिडची गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, जास्त करून लिव्हरमध्ये, त्याखालोखाल फुफ्फुसात, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली तेव्हा सापडते. लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा की घरी कुत्रा आहे, मेंढ्यांत काम करतो, झूमध्ये आहे. कारण अशा गाठीत विचार न करता सुई घातली आणि पाणी आत सांडलं तर जीवघेणी अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि नव्या गाठीही होतात. उपचार आहेत, अल्बेंडाझोल, ऑपरेशन, सुईने काढण्याची नीट पद्धत, पण कुठला ते डॉक्टर ठरवतील. यासाठी कुत्रा घराबाहेर काढायची काही गरज नाही.

गाठ सापडली तर फेकू नका

ससा मेला, हरीण मेलं, शवविच्छेदनात पाण्याची गाठ दिसली, तर हातमोजे घालून ती न फोडता काढायची. जवळच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या पॅरासायटॉलॉजी किंवा पॅथॉलॉजी विभागाला फोन करून विचारा, मुंबई, नागपूर, शिरवळ वगैरे ठिकाणी कॉलेजं आहेत. दोन बाटल्या करा, एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत ७० टक्के अल्कोहोल, कारण फॉर्मॅलिनमध्ये घातलं की डीएनए नीट निघत नाही आणि महालसारखी केस असली तर फक्त डीएनएवरच कळतं. कागदाच्या चिठ्ठीवर जनावर, अवयव, तारीख लिहून ती बाटलीच्या आत टाका, आणि पेनने नाही, पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.